अक्ष बदलला की फ्लोट३२ ची सरासरी बदलते: दोष नम्पायमध्ये आहे की माझ्या टेस्टमध्ये?

पर्जन्यवही

नमस्कार. पावसाच्या दैनिक नोंदींवर काम करण्यासाठी मी नम्पाय या पायथनच्या गणिती लायब्ररीवर आधारलेले एक छोटे मोड्यूल लिहिले आहे आणि त्याच्या युनिट टेस्ट (कोडचा एकेक भाग तपासणाऱ्या छोट्या चाचण्या) लिहिताना एका ठिकाणी अडकले आहे. दोष माझ्या कोडमध्ये आहे, टेस्टमध्ये आहे की खुद्द नम्पायमध्ये, हेच मला ठरवता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेटा भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचा आहे. पाव अंशाची जाळी, रेखांशाच्या दिशेला १३५ आणि अक्षांशाच्या दिशेला १२९ बिंदू, म्हणजे रोजचे १७,४१५ आकडे. सगळे फ्लोट३२ मध्ये (३२ बिटांच्या दशांश संख्या), आणि जिथे नोंद नाही तिथे -९९९. १९०१ ते २०२० या १२० वर्षांच्या वार्षिक फाइली मी एकापुढे एक जोडून एकच मोठी फाइल केली आहे. तिच्यात ४३,८३० दिवस भरतात आणि तिचा आकार ३ जीबीच्या थोडा वर जातो. माझे फंक्शन -९९९ च्या जागी नॅन ('संख्या नाही' ही खूण) भरते आणि मग शून्याव्या अक्षावर, म्हणजे काळाच्या दिशेने, नॅनमीन (नॅन वगळून सरासरी) घेऊन प्रत्येक बिंदूची दीर्घकालीन सरासरी देते.

टेस्टमध्ये मी दहा दिवसांचा, तीन बाय चार बिंदूंचा, हाताने भरलेला अ‍ॅरे दिला होता. प्रत्येक बिंदूची अपेक्षित सरासरी २.५ होती आणि असर्ट_अ‍ॅरे_इक्वल (हे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत का ते पाहते) विनातक्रार पास होत होते. नंतर खऱ्या डेटावर पडताळणी करावी म्हणून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा एक बिंदू घेतला, त्याची ४३,८३० मूल्ये वेगळ्या सलग अ‍ॅरेमध्ये कॉपी केली, त्यांची सरासरी काढली आणि पूर्ण अ‍ॅरेवरून आलेल्या उत्तराशी ती ताडून पाहिली. मूल्ये तीच, क्रम तोच, तरीही दोन उत्तरांत दहा लाखांत सुमारे तीन भाग एवढा फरक येतो. नोटबुकमध्ये ऑलक्लोज (दोन उत्तरे जवळपास सारखी आहेत का ते पाहणारे फंक्शन) दोन्ही उत्तरे जुळतात असे सांगते आणि टेस्टमधले असर्ट_ऑलक्लोज मात्र फेल होते.

दोष लहान करून पाहावा म्हणून मी दोन स्तंभांचा एक फ्लोट३२ अ‍ॅरे केला. पहिल्या ओळीत दोन्हीकडे १,६७,७७,२१६ आणि त्याखाली हजार ओळी नुसत्या १ च्या. शून्याव्या अक्षावर बेरीज केली तर उत्तर नेमके १,६७,७७,२१६ येते, म्हणजे हजारच्या हजार एक गायब होतात. तोच स्तंभ सलग अ‍ॅरेमध्ये कॉपी करून बेरीज केली की ते बहुतेक सगळे मोजले जातात. हा नम्पायमधला बग म्हणून नोंदवावा का? आणि तोवर माझ्या टेस्टमध्ये टॉलरन्स (चालवून घ्यायचा फरक) किती ठेवावा?

कामापुरते_गणित

बग नोंदवू नका, हे अपेक्षित वर्तन आहे. नोटबुक आणि टेस्ट यांचे निकाल वेगळे येण्याचे कारण अगदी साधे आहे. ऑलक्लोजचा सापेक्ष टॉलरन्स मुळात एक लाखात एक भाग असतो आणि त्यावर १० चा उणे ८ वा घात एवढा निरपेक्ष टॉलरन्सही असतो. असर्ट_ऑलक्लोजचा सापेक्ष टॉलरन्स एक कोटीत एक भाग आणि निरपेक्ष टॉलरन्स शून्य. नावे सारखी असली तरी दोघांच्या कसोट्या शंभर पटीने वेगळ्या आहेत, आणि तुमचा फरक बरोबर या दोन रेषांच्या मधे पडतो.

पर्जन्यमापकाचा आकडा मिलिमीटरच्या दहाव्या भागापलीकडे जात नाही. त्यामुळे टेस्टमध्ये टॉलरन्स एक लाखात एक भाग करावा आणि पुढच्या कामाला लागावे, असे माझे मत आहे.

दशांशचिन्ह

वरच्या उत्तरातले आकडे बरोबर आहेत, पण त्यातला सल्ला मला पटत नाही. टेस्टमधला टॉलरन्स म्हणजे आपण कोडविषयी केलेले एक विधान असते: एवढी चूक होऊ शकते, ती अमुक कारणाने होते, आणि याहून जास्त होणार नाही. कारण कळण्याआधीच तो आकडा वाढवला, तर टेस्ट हिरवी होते आणि विधान मात्र कुणीच केलेले नसते. तुमच्या बाबतीत ते कारण शोधता येते आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

तुम्ही निवडलेला १,६७,७७,२१६ हा आकडा २ चा २४ वा घात आहे. फ्लोट३२ मध्ये सार्थ बिट २४ असतात. म्हणून या आकड्यापुढे लगतच्या दोन संख्यांमधले अंतर २ होते. त्यात १ मिळवला की खरे उत्तर दोन शेजाऱ्यांच्या बरोबर मधोमध पडते, पूर्णांकन सम बाजूला होते आणि आपण होतो तिथेच राहतो. एक-एक करून हजार वेळा मिळवला तरी हजारही वेळा तेच घडते. हे नम्पायचे नव्हे, त्या संख्याप्रकाराचे गणित आहे.

मग सलग अ‍ॅरेमध्ये ते एक का मोजले जातात? नम्पायच्या १.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, बेरीज जोडीजोडीने केली जाते. अ‍ॅरेचे अर्धे-अर्धे करत १२८ घटकांपर्यंतच्या गठ्ठ्यांवर यायचे, गठ्ठ्यांच्या बेरजा वेगवेगळ्या करायच्या आणि मग त्या एकमेकींत मिळवायच्या. लहान संख्या आधी लहान संख्यांमध्ये मिळतात, त्यामुळे मोठ्या बेरजेच्या पोटात त्या हरवत नाहीत, आणि चुकीची कमाल मर्यादा घटकांच्या संख्येच्या प्रमाणात न वाढता तिच्या लॉगॅरिथमच्या प्रमाणात वाढते. मात्र ही युक्ती स्मृतीत जो अक्ष सलग आहे त्याच्यावर बेरीज करतानाच चालते. तुमच्या अ‍ॅरेमध्ये एका दिवसाचे १७,४१५ आकडे शेजारी-शेजारी बसले आहेत आणि काळाचा अक्ष सर्वांत दूर पावले टाकणारा आहे. अशा वेळी नम्पाय एका दिवसाची पूर्ण ओळ उचलते आणि आधीच्या बेरजेत मिळवते, मग पुढची ओळ, मग त्यापुढची. वेगासाठी हेच योग्य आहे, पण प्रत्येक बिंदूच्या दृष्टीने ती साधी, एकापाठोपाठ एक होणारी बेरीजच राहते. सम या फंक्शनच्या अधिकृत दस्तऐवजात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे आणि कमी अचूकतेच्या संख्यांसाठी डीटाइप (संख्याप्रकार) फ्लोट६४, म्हणजे ६४ बिटांचा, द्यावा असेही तिथे सुचवले आहे.

आता हेच तुमच्या घाटमाथ्यावर लावून पाहू. त्या बिंदूवर वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर १२० वर्षांची बेरीज ३,६०,००० च्या आसपास पोहोचते. फ्लोट३२ मध्ये २,६२,१४४ ते ५,२४,२८८ या पट्ट्यात लगतच्या संख्यांमधले अंतर एक बत्तीसांश, म्हणजे ०.०३१२५ असते. शेवटच्या तीसेक वर्षांत २.४ मिलिमीटरची एखादी सर त्या बेरजेत मिळवली की तिच्यातला एक चौसष्टांश मिलिमीटरपर्यंतचा भाग पूर्णांकनात इकडेतिकडे होतो. हजारो पावसाळी दिवसांच्या अशा चुका काही प्रमाणात एकमेकींना खोडतात, पण पुऱ्या खोडत नाहीत. शेवटी बेरजेत मिलिमीटरभराचा फरक उरला तर तो ३,६०,००० मध्ये दहा लाखांत तीन भागांच्या जवळच जातो. तुम्हाला दिसलेला आकडा हाच आहे.

म्हणून दुरुस्ती टेस्टमध्ये नव्हे, फंक्शनमध्ये करावी: बेरीज फ्लोट६४ मध्ये होऊ द्यावी. नॅनमीनला डीटाइप देता येतो, पण ते आत पूर्ण अ‍ॅरेची प्रत बनवते आणि तुमच्या बाबतीत ती आणखी ३ जीबीची होईल. त्यापेक्षा मीनला डीटाइप फ्लोट६४ द्यावा आणि व्हेअर या आर्ग्युमेंटमध्ये 'मूल्य -९९९ नाही' अशी अट द्यावी. मीनला हे आर्ग्युमेंट १.२० पासून मिळाले आहे. डेटा तुकड्यातुकड्यांनी रूपांतरित होतो, पूर्ण प्रत होत नाही. अटीचा बूलियन अ‍ॅरे तेवढा पाऊण जीबीच्या आसपास जागा घेईल. -९९९ ही संख्या फ्लोट३२ मध्ये नेमकी मांडता येत असल्यामुळे ही तुलना सुरक्षित आहे, फक्त ती एककबदल वगैरे कोणत्याही गणिताच्या आधी करावी.

टॉलरन्स यानंतर ठरवता येतो. फ्लोट६४ मध्ये साध्या बेरजेची सापेक्ष चूक जास्तीत जास्त ४३,८३० गुणिले १.१ गुणिले १० चा उणे १६ वा घात, म्हणजे १० चा उणे १२ वा घात याच्या पाच पट एवढी होऊ शकते. प्रमाण म्हणून मॅथ मोड्यूलमधले एफसम घ्यावे, कारण ते खऱ्या बेरजेचे अचूक पूर्णांकन देते. आणि टॉलरन्स १० चा उणे ११ वा घात ठेवावा. हा हिशेब टेस्टमध्येच टिपण्णी म्हणून दोन ओळींत लिहून ठेवावा, म्हणजे पुढे कुणी तो आकडा बदलायला गेले तर काय मोडते आहे हे त्याला दिसेल.

एक सावधगिरी मात्र हवी. ही मर्यादा लागू पडते, कारण पाऊस कधी ऋण नसतो. उद्या हेच फंक्शन तापमानाच्या सरासरीपासूनच्या विचलनांवर वापरले, तर धन आणि ऋण मूल्ये एकमेकांना खोडून बेरीज शून्याजवळ येईल आणि तिथे सापेक्ष टॉलरन्सला काहीच अर्थ उरणार नाही. तेव्हा निरपेक्ष टॉलरन्स द्यावा लागेल आणि तो मूल्यांच्या केवलमानांच्या बेरजेवरून काढावा लागेल.

जुना_कमिट

कारणमीमांसा वर पुरेशी झाली आहे. मला तुमच्या मूळ टेस्टविषयी लिहायचे आहे, कारण ती पास होत होती हीच माझ्या दृष्टीने जास्त काळजीची गोष्ट आहे.

तुम्ही असर्ट_अ‍ॅरे_इक्वलला एका बाजूला निकाल आणि दुसऱ्या बाजूला नुसता २.५ हा आकडा दिला असावा, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर ती टेस्ट निकालाचा आकार तपासतच नाही. एका बाजूला एकच आकडा असला की तो अ‍ॅरेच्या प्रत्येक घटकाशी ताडला जातो. तुमच्या फंक्शनने तीन बाय चारऐवजी चार बाय तीनचा अ‍ॅरे दिला असता, किंवा सगळ्या अक्षांची सरासरी काढून एकच संख्या परत केली असती, तरीही टेस्ट पास झाली असती. डीटाइपचेही तसेच आहे: फ्लोट३२ आणि फ्लोट६४ मधले २.५ त्याच्या लेखी सारखेच. १.२४ पासून या फंक्शनला स्ट्रिक्ट हे आर्ग्युमेंट मिळाले आहे. ते खरे केले की आकार आणि डीटाइप दोन्ही जुळावे लागतात. अपेक्षित उत्तर पूर्ण अ‍ॅरे म्हणून लिहा आणि स्ट्रिक्ट लावा. शिवाय सगळ्या बिंदूंची अपेक्षित सरासरी एकच ठेवू नका. प्रत्येक बिंदूला वेगळी दिली, तर अक्षांची अदलाबदल लगेच उघडी पडते.

दुसरे म्हणजे, तुमचे फंक्शन -९९९ च्या जागी नॅन 'भरते' असे तुम्ही लिहिले आहे. ते प्रत करून भरते की ज्याने अ‍ॅरे दिला त्याच्याच अ‍ॅरेमध्ये भरते? हे वाचून ठरवण्यापेक्षा टेस्टलाच विचारावे. फंक्शनला देण्याआधी अ‍ॅरेवर सेटफ्लॅग्ज वापरून लेखनाची परवानगी काढून घ्या. फंक्शनने आत हात घातला, की जिथे लिहिण्याचा प्रयत्न झाला त्याच ओळीवर व्हॅल्यूएरर येतो. आधी प्रत ठेवून शेवटी तुलना करण्यापेक्षा मला हे बरे वाटते, कारण दोष कोणत्या ओळीत आहे तेही त्याच वेळी कळते.

लहान अ‍ॅरेवर पास आणि मोठ्यावर फेल, हा प्रकार या क्षेत्रात जुना आहे. नम्पायच्या १.१३ च्या आधी, म्हणजे २०१७ पर्यंत, चौरस अ‍ॅरेमध्ये त्याचाच ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल) जागच्या जागी मिळवला, तर छोट्या अ‍ॅरेवर उत्तर बरोबर येई आणि मोठ्यावर चुकीचे. डेटा बफरमधून तुकड्यांनी जात असल्यामुळे नंतरच्या तुकड्यांना आधीच बदललेली मूल्ये वाचायला मिळत. तीन बाय तीनच्या अ‍ॅरेवरची टेस्ट ते कधीच पकडू शकली नसती. १.१३ पासून इनपुट आणि आउटपुट स्मृतीत एकमेकांवर येत असतील तर ते ओळखून गरजेपुरती तात्पुरती प्रत केली जाते. हे मी अशासाठी सांगतो, की आपल्या टेस्टमधले आकार आतल्या यंत्रणेच्या सीमा ओलांडणारे असावेत. बेरजेचा गठ्ठा १२८ चा आहे ना, मग लांब्या ०, १, ७, ८, ९, १२७, १२८ आणि १२९ घ्याव्यात. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या पॅरामेट्राइझने हे एका ओळीत होते. त्याच मूल्यांची मांडणीही बदलून पाहावी: सी-क्रमाने (ओळीनुसार), फॉरट्रान-क्रमाने (स्तंभानुसार), उलट्या पावलांनी, एकाआड एक घटक घेऊन. मूल्ये तीच असताना मांडणी बदलल्यामुळे उत्तर तुमच्या काढलेल्या टॉलरन्सपलीकडे सरकता कामा नये. तुमच्या हाती लागलेला दोष नेमका या जातीचा होता.

शून्य लांबीला आणि ज्या बिंदूवर एकही नोंद नाही त्याला (समुद्रातले सगळे बिंदू तसेच असतील) रिकाम्या तुकड्याची सरासरी काढल्याची रनटाइम वॉर्निंग येईल आणि उत्तर नॅन येईल. तुम्हाला तेच हवे असेल तर टेस्टमध्ये ते तसे लिहा आणि बाकीच्या वॉर्निंगचे एररमध्ये रूपांतर करा. नम्पायच्या स्वतःच्या पायटेस्ट सेटिंगमध्येही वॉर्निंग एरर मानल्या जातात.

आणि सर्वांत महत्त्वाचे: दुरुस्ती करण्याआधी टेस्ट लिहा आणि ती जुन्या कोडवर फेल होते हे डोळ्यांनी पाहा. नम्पायच्या टेस्टमध्ये रिग्रेशनसाठी (एकदा दुरुस्त झालेला दोष परत आला का हे पाहण्यासाठी) वेगळी फाइल आहे आणि तिच्यातल्या कित्येक टेस्टवर मूळ तक्रारीचा क्रमांक लिहिलेला आहे. तुमचा दोन स्तंभांचा अ‍ॅरे रिग्रेशन टेस्ट म्हणून उत्तम आहे: १,००१ ओळी, क्षणात चालणारा, आणि अपेक्षित उत्तर कागदावर काढता येणारे. ३ जीबीची फाइल टेस्टमध्ये आणायची काहीही गरज नाही. यादृच्छिक मूल्यांवरही टेस्ट हवी असेल तर डीफॉल्ट_आरएनजी ठरावीक बीज देऊन वापरा, पण त्यातून आलेले आकडे अपेक्षित उत्तर म्हणून टेस्टमध्ये लिहून ठेवू नका. नव्या आवृत्तीत तो प्रवाह बदलणार नाही अशी हमी नम्पाय देत नाही. अपेक्षित उत्तर दर वेळी एफसमने काढा.

पर्जन्यवही

दोघांचीही मनापासून आभारी आहे. सांगितलेल्या क्रमानेच गेले.

दोन स्तंभांची टेस्ट आधी लिहिली आणि ती जुन्या फंक्शनवर फेल झाली. बेरीज फ्लोट६४ मध्ये नेल्यावर ती पास झाली, आणि घाटमाथ्यावरच्या बिंदूचे उत्तर आता एफसमशी १० चा उणे ११ वा घात या टॉलरन्समध्ये जुळते. 'जुना_कमिट' यांचा अंदाजही खरा ठरला: मी नुसता २.५ च दिला होता. स्ट्रिक्ट लावल्याबरोबर कळले की कोडच्या एका फांदीत फंक्शन एक जादा अक्ष ठेवूनच निकाल परत करत होते. लेखनाची परवानगी काढल्यावर व्हॅल्यूएररही आला; म्हणजे मी इतके दिवस ज्याने अ‍ॅरे दिला त्याचाच अ‍ॅरे बदलत होते.

आता एक वेगळी अडचण आली आहे. माझ्या सहकाऱ्याच्या विंडोजच्या यंत्रावर, जिथे अजून नम्पाय १.२६ आहे, मोठ्या फाइलमधून एखादा दिवस वाचणारे फंक्शन काही तारखांनंतर एरर देते. माझ्या लिनक्सवर तोच कोड सगळ्या तारखांना चालतो. दिवसांचे क्रमांक मी अ‍ॅरेंजने बनवते आणि त्यांना १७,४१५ गुणिले ४, म्हणजे ६९,६६० ने गुणून फाइलमधली जागा काढते.

दशांशचिन्ह

एरर २९ मे १९८५ या तारखेपासून सुरू होते का, ते पाहा.

विंडोजवर नम्पायचा मूळ पूर्णांक २.० च्या आधी ३२ बिटांचा होता, ६४-बिट यंत्रावरसुद्धा. जून २०२४ मध्ये आलेल्या २.० ने ६४-बिट विंडोजवर तो ६४ बिटांचा केला. ३२ बिटांची कमाल २,१४,७४,८३,६४७. तुमचा क्रमांक शून्यापासून मोजला तर ३०,८२८ व्या दिवसाची जागा २,१४,७४,७८,४८० आहे आणि ती मावते. ३०,८२९ व्या दिवसाची २,१४,७५,४८,१४० असायला हवी आणि ती मावत नाही. अ‍ॅरेमधल्या पूर्णांकांचा गुणाकार असा ओसंडला तर नम्पाय कोणतीही वॉर्निंग देत नाही, संख्या गुपचूप ऋण होते. १ जानेवारी १९०१ हा शून्यावा दिवस धरला तर ३०,८२९ वा दिवस २९ मे १९८५ येतो.

अ‍ॅरेंजला डीटाइप इंट६४ स्पष्ट द्या. टेस्टसाठी फाइलची गरज नाही: जागा काढणारा भाग वेगळे फंक्शन म्हणून बाहेर काढा आणि त्याला फक्त ३०,८२८ आणि ३०,८२९ हे दोन क्रमांक द्या. सहकाऱ्याची नम्पाय पुढे अद्ययावत झाली तरी ही टेस्ट काढू नका, आणि दोष लिनक्सवरही पकडला जावा म्हणून निकालाचा डीटाइप इंट६४ आहे हे वेगळे तपासण्याऐवजी क्रमांक मुद्दाम इंट३२ मध्ये देऊनही एकदा चालवा.

पर्जन्यवही

हो, २९ मे १९८५ च. २८ मे पर्यंतचे सगळे दिवस बरोबर वाचले जात होते.

दोन क्रमांकांची टेस्ट लिहिली. सहकाऱ्याच्या यंत्रावर जुन्या कोडवर ती -२,१४,७४,१९,१५६ हा आकडा दाखवून फेल झाली, आणि क्रमांक इंट३२ मध्ये दिल्यावर माझ्या लिनक्सवरही तशीच, त्याच आकड्यासह. म्हणून दुरुस्ती अ‍ॅरेंजपाशी न करता जागा काढणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत केली: आत आलेले क्रमांक आधी इंट६४ मध्ये नेते आणि मगच गुणते. आता दोन्ही यंत्रांवर दोन्ही प्रकारे टेस्ट पास होते. टिपण्णीत २९ मे १९८५ ही तारीख आणि वरचा हिशेब लिहून ठेवला आहे.